गाठ दिसली म्हणजे कारण सापडले?

लग्नाला तीन-चार वर्षे झाली, दिवस राहत नाहीत, म्हणून सोनोग्राफी करावी आणि रिपोर्टात गर्भाशयाच्या भिंतीत तीन सेंटिमीटरची गाठ निघावी. अशा वेळी घरात काळजी पसरते, पण काळजीबरोबर एक चमत्कारिक सुटकाही असते. इतके दिवस नुसता ‘का होत नाही’ हा प्रश्न होता. आता त्याला नाव मिळाले, माप मिळाले, बोट ठेवायला जागा मिळाली. ‘पिशवीला गाठ आहे म्हणे, मग कसं राहणार?’ असे मावशी म्हणते, जाऊ म्हणते, आणि पुष्कळदा डॉक्टरही मान डोलावतात. पुढचा निर्णय मग कुणी घ्यावा लागत नाही, तो घेतलेलाच असतो. आधी गाठ काढू, मग मुलाचे बघू.

हे मत मला चुकीचे वाटते. सर्वस्वी चुकीचे नाही, पण ज्या सरसकटपणे ते लावले जाते त्या सरसकटपणात चुकीचे. पूर्वपक्ष दुबळा करून त्याला लोळवण्यात काही पुरुषार्थ नाही, म्हणून तो आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूपेशींची गाठ. गर्भ रुजतो तो त्याच गर्भाशयात. रुजण्याच्या जागेतच अडथळा असेल तर गर्भ रुजायचा कसा, हा साधा व्यवहारी प्रश्न आहे. शिवाय मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्या स्त्रियांत या गाठी वारंवार दिसतात. गाठ काढली आणि वर्षभरात पाळणा हलला, अशी निदान एक तरी स्त्री प्रत्येकाच्या ओळखीत असते. आणि न काढावी तर ती वाढेल, दिवस राहिले तरी गर्भ पडेल, पुढेमागे कर्करोगही होईल. इतकी सगळी कारणे एका बाजूला उभी असताना थांबा कोण म्हणेल?

पहिली शंका संख्येची. डोना बेअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टन शहरातील एका आरोग्य योजनेतल्या ३५ ते ४९ वयाच्या स्त्रिया सरसकट निवडून त्यांची सोनोग्राफी केली. तक्रार असलेल्याच स्त्रिया तपासायच्या, हा नेहमीचा दोष त्यात नव्हता. २००३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की पन्नाशीपर्यंत गोऱ्या स्त्रियांपैकी जवळजवळ ७० टक्के आणि कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणींच्या गर्भाशयात फायब्रॉइड झालेला असतो. यांतल्या बऱ्याच जणींना तो आहे हे ठाऊकही नव्हते, आणि पुष्कळ जणी लेकुरवाळ्या होत्या. इतकी सर्रास आढळणारी गोष्ट एखाद्या निपुत्रिक स्त्रीत आढळली, तर त्यातून काय सिद्ध होते? हा दोष त्या गाठीचा, असे म्हणणाऱ्यावर पुरावा देण्याची जबाबदारी राहते. नुसते ‘दिसली’ म्हणून भागत नाही.

अमेरिकेतच गर्भारपणाच्या सुरुवातीला स्त्रियांची पद्धतशीर सोनोग्राफी करणारा एक मोठा अभ्यास झाला. त्यात पहिल्या तिमाहीतल्या गर्भवतींपैकी सुमारे ११ टक्के स्त्रियांच्या गर्भाशयात गाठी होत्या. म्हणजे गाठीसकट दिवस राहिलेली, साधारण नवांतली एक. त्याच अभ्यासातल्या तीन हजार स्त्रियांवरून २०१२ साली असेही दिसले, की गाठ असलेल्यांना दिवस राहायला इतरांपेक्षा जास्त काळ लागलेला नव्हता. यावर पूर्वपक्षी लगेच म्हणेल, की या बहुतेक दिवस राहिलेल्याच बायका. ज्यांना राहिलेच नाहीत त्या या हिशेबात आल्याच कुठे? आक्षेप रास्त आहे आणि मला तो मान्य आहे. या अभ्यासाने फायब्रॉइड सगळ्या बाबतीत निर्दोष ठरत नाही. तो असला की वंध्यत्व आलेच, ही समजूत मात्र त्याने मोडते. फायब्रॉइडखेरीज दुसरे काहीही कारण सापडत नाही, अशी जोडपी मूल न होणाऱ्या जोडप्यांत दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असावीत, असा अंदाज बट्रम आणि रायटर यांनी १९८१ सालच्या आढाव्यात मांडला होता. तो जुना आहे, पण त्याला धक्का देणारे काही अजून पुढे आलेले नाही.

आता खरा मुद्दा, जागेचा. सोनोग्राफीच्या रिपोर्टातला आकडा सगळे वाचतात, जागा कुणी वाचत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फिगो’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ साली या गाठींची शून्य ते आठ अशी प्रतवारी ठरवून दिली. शून्य म्हणजे देठाला लोंबणारी, पूर्णपणे गर्भाशयाच्या पोकळीत असलेली. एक आणि दोन म्हणजे काही भाग भिंतीत आणि काही पोकळीत डोकावणारा. तीन म्हणजे पूर्ण भिंतीतली, पण आतल्या अस्तराला टेकलेली. चार म्हणजे निव्वळ भिंतीतली. पाच, सहा, सात या बाहेरच्या अंगाला वाढलेल्या, त्यात सातवी बाहेरून देठाने लटकणारी. आठव्या प्रतीत गर्भाशयमुखाच्या वगैरे गाठी येतात. दोन सेंटिमीटरची पहिल्या प्रतीची गाठ मूल होण्याच्या दृष्टीने जितकी त्रासदायक, तितकी सात सेंटिमीटरची सहाव्या प्रतीची गाठ नसते. आणि तरी बैठकीच्या खोलीत भीती सात सेंटिमीटरचीच वाटते.

पोकळीत शिरलेल्या गाठींबाबत मी पूर्वपक्षाला पूर्ण शरण जातो. एलिझाबेथ प्रिट्स, विल्यम पार्कर आणि डेव्हिड ऑलिव्ह यांनी २००९ साली तोवरचे सर्व अभ्यास एकत्र चाळले. पोकळीत डोकावणाऱ्या गाठींनी गर्भ रुजण्याचे, दिवस राहण्याचे आणि जिवंत मूल जन्मण्याचे प्रमाण घटते, आणि त्या काढल्यावर दिवस राहण्याचे प्रमाण सुधारते, हे त्यात स्पष्ट दिसले. यामागची यंत्रणाही आता बरीच कळली आहे. गाठ जागा अडवते एवढेच नव्हे. गर्भाला आधार देण्यासाठी अस्तराने जी तयारी करायची असते, तिला चालना देणाऱ्या एचओएक्सए-१० या जनुकाचे काम अशा गर्भाशयात मंदावते, आणि ते गाठीवरच्या तुकड्यापुरते नाही, सबंध अस्तरभर. कोपऱ्यात बसलेली गाठ दूरच्या जागेलाही का बाधते, याचा उलगडा इथे होतो. ‘फायब्रॉइड काय, सगळ्यांनाच असतात, सोडून दे’ असे सांगणारा जो दुसरा पंथ आहे, आणि तो शिकलेल्या घरांत वाढतो आहे, त्याचेही खंडन इथेच होते. शून्य, एक किंवा दोन प्रतीची गाठ असेल तर ती काढावी. पोट न उघडता, योनीमार्गे गर्भाशयात दुर्बीण घालून ती काढता येते. दुसऱ्या प्रतीच्या मोठ्या गाठीला कधी दोन बैठका लागतात, इतकेच.

बाहेरच्या अंगाच्या गाठींचा निकाल याच्या उलट आणि तितकाच स्वच्छ आहे. त्यांचा मूल होण्याशी संबंध दिसत नाही. त्या फार मोठ्या होऊन बीजनलिका किंवा अंडाशय यांना आडव्या येत असतील तर गोष्ट वेगळी.

राहिल्या भिंतीतल्या गाठी. वाद आहे तो इथे, आणि रिपोर्टात बहुधा निघतात त्याही याच. पूर्वपक्षाचे सर्वांत भक्कम शस्त्र म्हणजे सेश सुनकारा यांच्या गटाने २०१० साली केलेले संकलन. आयव्हीएफचे १९ अभ्यास, सहा हजारांहून अधिक उपचारचक्रे. पोकळीचा आकार न बिघडवणाऱ्या, निव्वळ भिंतीतल्या गाठी असलेल्या स्त्रियांत जिवंत मूल होण्याचे प्रमाण इतरांहून २१ टक्क्यांनी कमी भरले. हा आकडा मी झाकून ठेवणार नाही, आणि कुणी झाकू नये. पण त्यातून ‘म्हणून काढा’ हा निष्कर्ष काढणाऱ्याने मधली एक पायरी न चढताच वरच्या मजल्यावर उडी मारलेली असते. गाठ असल्याने अपाय होतो हे एक विधान. गाठ काढल्याने लाभ होतो हे दुसरे. पहिल्यावरून दुसरे आपोआप सिद्ध होत नाही, कारण गाठ काढल्यावर जे गर्भाशय उरते ते गाठ कधी नव्हतीच असे गर्भाशय नसते. ते व्रण असलेले, टाके पडलेले, आणि सहा महिने ते वर्षभराने अधिक वयाचे गर्भाशय असते.

दुसरे विधान तपासायचे तर सारख्या स्त्रियांचे दोन गट करून, चिठ्ठ्या टाकून, एका गटाची शस्त्रक्रिया करायची आणि दुसऱ्याची नाही. असा प्रयोग इटलीत कासिनी यांच्या गटाने केला आणि २००६ साली छापला. एकूण १८१ स्त्रिया. त्यांतल्या भिंतीतल्या गाठींच्या गटात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ५६ टक्क्यांना दिवस राहिले, न झालेल्यांपैकी ४१ टक्क्यांना. फरक मोठा वाटतो. पण हा गट पाऊणशेही नव्हता, आणि इतक्या लहान गटात एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या परीक्षकांनी पुढे हा पुरावा तपासला तेव्हा शस्त्रक्रियेचा फायदा होतो असेही सांगता येत नाही आणि होत नाही असेही, हाच त्यांचा निर्णय पडला. अमेरिकेच्या प्रजननवैद्यक संघटनेने २०१७ साली मार्गदर्शिका काढली, तिचा कल अधिक स्पष्ट आहे. पोकळी बिघडवणाऱ्या गाठी काढण्याचा विचार करावा. पोकळी न बिघडवणाऱ्या आणि काही त्रासही न देणाऱ्या गाठी केवळ दिवस राहण्याची शक्यता वाढावी म्हणून काढण्याचा सल्ला सर्वसाधारणपणे देऊ नये. अपवाद त्यांनी ठेवले आहेत. आयव्हीएफसाठी अंडाशयापर्यंत सुई पोहोचणेच गाठीमुळे अशक्य झाले असेल, तर तो एक.

मग त्या २१ टक्क्यांचे काय करायचे? माझ्या मते ‘भिंतीतली गाठ’ ही एकच जात नाही, इथे सगळा घोळ आहे. टोक्योतील ओसामु योशिनो यांच्या गटाने याचा एक सुंदर माग काढला. गर्भाशयाच्या आतल्या स्नायूथराला सतत बारीक लाटा येत असतात, आणि बीज सुटल्यानंतर, गर्भ रुजायच्या दिवसांत, त्या एरवी शांत होतात. योशिनो यांनी भिंतीतल्या गाठी असलेल्या ५१ स्त्रियांच्या या हालचालींचे एमआरआयने चलच्चित्र घेतले. २९ जणींचे गर्भाशय त्या दिवसांत शांत होते, २२ जणींचे अस्वस्थ. पुढच्या काही महिन्यांत पहिल्या गटातल्या दहा जणींना दिवस राहिले, दुसऱ्या गटात एकीलाही नाही. अभ्यास छोटा आहे, त्यावर घर बांधू नये. पण तो खरा असेल तर सुनकारांचे २१ टक्के हे दोन वेगळ्या जमातींची सरासरी आहेत. काहींना गाठ काहीच करत नाही आणि काहींना पुष्कळ करते. सरासरीवरून कुणा एकीचे पोट उघडणे म्हणजे तिच्या शेजारणीच्या दुखण्यावर तिला औषध पाजणे होय. ही निवड करणारी तपासणी अजून दवाखान्यात रुळलेली नाही. तोवर तिसऱ्या प्रतीच्या, म्हणजे अस्तराला टेकलेल्या गाठीकडे चौथीपेक्षा जास्त संशयाने पाहावे, इतपत शहाणपण करता येते.

आता गर्भपाताची भीती. ‘राहिलं तरी पडेल’ हे वाक्य इतक्या जणींनी ऐकलेले असते, की ते कुठून आले हे कुणी विचारत नाही. ते अगदीच हवेतून आलेले नाही. जुन्या अभ्यासांत फायब्रॉइड असलेल्यांत गर्भपाताचे प्रमाण खरोखर जास्त दिसत होते. इथे आपल्या नैयायिकांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे अनुमान ठीक. पण अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे अनुमान फसते, कारण धूर येतो तो ओल्या सरपणाच्या योगाने. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर कुठे आहे? ओले सरपण ही त्या अनुमानातली ‘उपाधी’. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे पहिल्या वर्षीच कळते. फायब्रॉइड आणि गर्भपात यांच्या अनुमानातली उपाधी आहे वय. वय वाढते तशा गाठी वाढतात. वय वाढते तसे बीजातले गुणसूत्रदोष वाढतात आणि गर्भही जास्त पडतात. दोन्ही एकाच स्त्रीत दिसले, की आपण एकाला दुसऱ्याचे कारण ठरवून मोकळे होतो. कॅथरीन हार्टमन यांच्या गटाने ५,५१२ स्त्रियांना गर्भारपणाच्या सुरुवातीपासून, काहींना त्याही आधीपासून, पाठपुरावा करून अभ्यासले आणि वय, वंश वगैरे बाबी हिशेबात घेतल्या. २०१७ साली छापलेला निष्कर्ष असा, की फायब्रॉइड असल्याने गर्भपाताचा धोका वाढत नाही. जुन्या अभ्यासांतला वाढीव धोका बराचसा या हिशेबाच्या अभावातून आलेला होता. पोकळीतल्या गाठींचा प्रश्न यात वेगळा उरतो, कारण सर्वसाधारण स्त्रियांत त्या थोड्या असतात. पण भिंतीतल्या तीन सेंटिमीटरच्या गाठीवर मागच्या गर्भपाताचे खापर फोडण्याचा अधिकार कुणाला राहिलेला नाही. हीच वयाची उपाधी वंध्यत्वाच्या मूळ अनुमानातही दडून बसलेली आहे, हे वाचकाच्या ध्यानात आले असेलच.

गर्भारपणात गाठीचा काहीच त्रास नाही, असा याचा अर्थ नव्हे. मोठ्या गाठी असतील तर बाळ पायाळू किंवा आडवे राहण्याची, सिझेरियन करावे लागण्याची, बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. मधल्या महिन्यांत गाठीचा रक्तपुरवठा अपुरा पडून ती आतल्या आत सडते, तेव्हा असह्य दुखते. बहुधा विश्रांती आणि वेदनाशामकांवर ते निभावते. हे सर्व सांभाळण्याजोगे आहे आणि प्रसूतीच्या डॉक्टरांना ते रोजचे आहे.

शस्त्रक्रियेची किंमत मात्र कुणी सांगत नाही. ‘दुर्बिणीतून करतात हल्ली, दोन दिवसांत घरी’ असे सांगतात, आणि ते खरेही आहे. पण पोटातून गाठ काढताना गर्भाशयाची भिंत चिरावी लागते, आणि चिरलेल्या जागेला आतडी, बीजनलिका, अंडाशय चिकटतात. टुलांडी यांनी १९९३ साली, गाठ काढलेल्या स्त्रियांच्या पोटात पुन्हा दुर्बीण घालून पाहिले. गर्भाशयाच्या मागच्या भिंतीवर छेद घेतलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के जणींत असे चिकटे झालेले होते, पुढच्या किंवा वरच्या भिंतीवर छेद घेतलेल्यांत सुमारे ५५ टक्के. आज चिकटे टाळणारी जेल आणि पडदे आहेत, हातही सरावले आहेत, तेव्हा तेच आकडे आज लावू नयेत. तरी चिकट्यांनी बीजनलिका दुमडली, तर मूल व्हावे म्हणून केलेली शस्त्रक्रियाच मूल न होण्याचे कारण बनते. मग व्रण भरायला तीन ते सहा महिने थांबायचे. पुढे कळांच्या वेळी व्रण उसवण्याचा धोका, जो शेकडा एकाहून कमी असला तरी गर्भाशय आरपार उघडलेल्या बहुतेकींना सिझेरियनकडे नेतो. आणि गाठी पुन्हा होतात. पस्तिशीच्या पुढच्या स्त्रीला यातली सर्वांत महागडी गोष्ट कोणती, तर ते थांबायचे महिने.

गंमत अशी, की ही शस्त्रक्रिया जन्मली ती बायकांना वाचवण्यासाठी. गर्भाशय शाबूत ठेवून नुसती गाठ काढण्याचे पहिले यशस्वी प्रयत्न १८४४ साली पेनसिल्व्हेनियात अॅटली बंधूंनी केले. पण विसाव्या शतकातही बराच काळ रिवाज होता तो सबंध पिशवी काढण्याचा. लंडनचे व्हिक्टर बॉनी त्याविरुद्ध उभे राहिले. त्यांच्या स्वतःच्या पत्नीचे गर्भाशय याच दुखण्यापायी काढावे लागले होते आणि त्यांना मूल झाले नाही. तरुण स्त्रीचे गर्भाशय निरुपद्रवी गाठींपायी कापून टाकणे हा शल्यचिकित्सेचा पराभव आहे, अशा भावनेने बॉनी आयुष्यभर झटले. रक्तस्राव आवरणारा त्यांचा चिमटा आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो, आणि एकाच गर्भाशयातून २२५ गाठी त्यांनी वेचून काढल्याची नोंद आहे. त्यांच्या काळी हे बंड होते. ज्या शस्त्रक्रियेने ‘पिशवी काढा’ या घाईला उत्तर दिले, तीच आता ‘गाठ काढा’ या घाईचे हत्यार व्हावी, हे बॉनींना आवडले नसते.

आणि आपल्याकडे ती पहिली घाई तरी संपली आहे का? २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. त्या सगळ्याच शस्त्रक्रिया गाठींपायी नव्हत्या. अंगावरून पांढरे जाणे, पोट दुखणे, पाळीत मजुरी बुडणे अशी कारणे होती. पण ‘गाठ आहे, कॅन्सर होईल’ ही भीती घालणे हा त्यातला ओळखीचा मार्ग होता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखणाऱ्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात असा आदेश दिला, तो अशाच तक्रारींवरून. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित दवाखान्यात तीन सेंटिमीटरची गाठ काढून घेणारी आणि बीडमधल्या केजच्या दवाखान्यात तिशीत पिशवी काढून घेणारी, या दोघींच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. त्यांना घातलेली भीती मात्र एकच.

त्या भीतीचा निकाल लवकर लागतो. निम्म्याहून बऱ्याच जास्त, सुमारे ७० टक्के फायब्रॉइडमध्ये एमईडी-१२ नावाच्या जनुकातला एक ठरावीक बदल सापडतो, हे फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवले. स्नायूंचा कर्करोग बहुधा वेगळ्याच वाटेने येतो, साध्या गाठीचे रूपांतर होऊन नव्हे. तो दुर्मीळ आहे आणि मूल होण्याच्या वयात आणखी दुर्मीळ. ‘थांबलात तर वाढेल’ हेही तसेच अर्धे. पेदाडा यांच्या गटाने २००८ साली ७२ स्त्रियांच्या २६२ गाठी एमआरआयने पुन्हा पुन्हा मोजल्या. सहा महिन्यांत मधली गाठ आकारमानाने नऊ टक्के वाढली होती. काही दुपटीहून मोठ्या झाल्या, काही आक्रसल्या, आणि एकाच स्त्रीच्या पोटातल्या दोन गाठी एकमेकींशी जुळवून वागत नव्हत्या. बाळंतपण तर गाठीवर उताराच ठरते. एका अभ्यासात एकच गाठ असलेल्या १७१ स्त्रियांपैकी ६२ जणींत, म्हणजे ३६ टक्क्यांत, प्रसूतीनंतर तीन-सहा महिन्यांनी ती सोनोग्राफीत दिसलीच नाही.

औषधांबद्दल थोडक्यात. गाठ आक्रसवणारी इंजेक्शने आणि आता आलेल्या रेलुगोलिक्ससारख्या गोळ्या संप्रेरके दाबून काम करतात. ती चालू असताना दिवस राहत नाहीत, आणि थांबवली की गाठ परत येते. मोठ्या शस्त्रक्रियेआधी हिमोग्लोबिन वाढवायला त्यांचा उपयोग; मूल हवे असताना तो उपचार नव्हे. गाठीचा रक्तपुरवठा तोडण्याचा उपायही मूल हवे असणाऱ्यांना पहिला म्हणून देत नाहीत. आयुर्वेदाच्या नावाने ‘गाठ विरघळवणारे’ काढे विकणारे चरकाचा रक्तगुल्म पुढे करतात. चरकाने रक्तगुल्म सांगितला आहे खरा, पण तो म्हणजेच फायब्रॉइड असे समीकरण मांडणे हा आजच्या जाहिरातदारांचा उत्साह आहे. त्यापेक्षा चरकाची दुसरी गोष्ट त्यांनी वाचावी. हा गुल्म गर्भारपणासारखा भासतो, म्हणून त्याची चिकित्सा दहावा महिना उलटून गेल्यावरच करावी, असे तो सांगतो. पोटातल्या गोळ्याला हात घालण्याआधी थांबून खात्री करून घेणारा हा वैद्य आजच्या घाईच्या बाजूने साक्ष द्यायला येणार नाही.

गाठीचा सर्वांत मोठा अपाय मात्र गर्भाशयाबाहेर होतो. बायकोच्या पोटात गाठ निघाली, की नवऱ्याची तपासणी थांबते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडूनही काही ना काही वाटा असतो. वीर्यतपासणी काही शे रुपयांत, एका सकाळी होते. तरी तिची फाईल जाड होत जाते आणि त्याचा एकही कागद त्या फाईलीत नसतो. ती लॅपरोस्कोपी करून घेते, सहा महिने थांबते, आणि मग कुणीतरी म्हणते, ‘बरं, यांचा रिपोर्ट कुठे आहे?’ गाठ दिसल्याने शोध संपतो, हा या मताचा खरा दोष. आणि तो वैद्यकाचा कमी, घराचा जास्त.

काही जणींनी हे सर्व वाचून शस्त्रक्रिया टाळू नये, म्हणून एक गोष्ट ठळक करतो. दर महिन्याला अंगावरून इतके जात असेल की हिमोग्लोबिन आठ-नऊवर आले, पाळीत उभे राहवत नाही, लघवीला अडते, तर गाठ काढणे हे मुलासाठी नाही, तिच्यासाठी आहे. त्याला कुठल्याही अभ्यासाची परवानगी लागत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत कठीण. समजा वय अडतीस, अंडाशयातला साठा कमी, गाठ पाच-सहा सेंटिमीटरची, भिंतीतली, अस्तराच्या जवळ, आणि आयव्हीएफ ठरलेले. आता तरी काढायची की नाही? पूर्वपक्षी म्हणतो, एवढे महाग उपचार करायचे तर जमीन आधी साफ करा. मी म्हणतो, क्रम उलटा लावा. आधी सलाइन सोनोग्राफी किंवा हिस्टेरोस्कोपीने पोकळी नीट पाहा, कारण साध्या सोनोग्राफीत दुसरी आणि तिसरी प्रत एकमेकींत मिसळतात. पोकळी बिघडलेली असेल तर शस्त्रक्रिया टळत नाही. पण तीही बीजे काढून, गर्भ तयार करून, ते गोठवून ठेवल्यानंतर करावी, म्हणजे व्रण भरायचे महिने बीजांच्या वयातून वजा होत नाहीत. पोकळी सरळ असेल तर एक चांगला गर्भ गाठीसकट गर्भाशयात सोडून पाहावा. तो रुजला नाही, दुसराही रुजला नाही, आणि गर्भात खोट दिसत नाही, तर मग गाठीवरचा संशय पुराव्याच्या जवळ येतो. तेव्हा मी सर्जनच्या दारात पूर्वपक्षाच्या शेजारी उभा राहीन.